मदत हवी आहे: बॅकलाइनचे तीन गडी जायबंदी, पुण्याच्या सामन्यात 10 नंबरला कोणाला उतरवू? (रग्बी, कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका लहान रग्बी संघाच्या पोरांना मी शिकवतो. पुढच्या महिन्यात पुण्यात 15 जणांचा सामना आहे. एरवी आमचं रग्बी 7 जणांचं, 7-7 मिनिटांच्या दोन डावांचं. 15 जणांचा सामना म्हणजे 80 मिनिटं, आणि पोरं दिवाळीपासून त्याच्यावरच डोळा ठेवून आहेत.

पुढच्या आठ गड्यांची, म्हणजे फॉरवर्डची, मला काळजी नाही. निम्मे तालमीत वाढलेत, स्क्रममध्ये (दोन्हीकडचे आठ-आठ एकमेकांना धरून चेंडूसाठी रेटतात त्यात) पाय रोवले की समोरच्याला जागा सोडावी लागते. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती म्हणजे उचलून आपटायचं नाही. कुस्तीत ज्याला गुण मिळतात त्याला इथे लाल कार्ड मिळतं.

अडचण आहे मागच्या फळीत, म्हणजे बॅकलाइनमध्ये. जे शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघतात पण रग्बी बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: 9 नंबरचा स्क्रम-हाफ गर्दीतून चेंडू काढतो आणि 10 नंबरच्या फ्लाय-हाफला देतो. पास द्यायचा, किक मारायची की स्वतः घुसायचं, हे 10 नंबर ठरवतो. त्याच्या बाहेर 12 आणि 13 हे सेंटर, 11 आणि 14 हे विंगर, सगळ्यात मागे 15 नंबरचा फुलबॅक. 10 नंबर क्षणभर अडखळला की बाहेरच्या सगळ्यांना चेंडू उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेला चेंडू टॅकल सोबत घेऊनच येतो.

आमचा नेमका 10 नंबरच गेलाय. सरावात पूर्ण वेगात असताना मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला. फिजिओंनी दुसऱ्या ग्रेडची इजा सांगितली. आता नीट चालतो, हलकं पळतो, म्हणून सगळे म्हणतायत की अजून वेळ आहे, होतंय बरं. मला तेवढी खात्री वाटत नाही.

14 नंबरचा खांदा दुखावलाय. धावतो, पास देतो, पण त्या बाजूने टॅकल करायला हात जात नाही.

तिसरा आमचा 12 नंबर. टॅकल करताना त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. शुद्ध हरपली नाही, पण स्कोअर काय झाला ते सांगता येईना आणि उजेडाकडे बघवेना. लगेच बाहेर घेतला, दवाखान्यात नेला. स्कॅन साफ आला. घरी आणि संघात सगळ्यांनी त्याचा अर्थ 'काही झालेलं नाही' असा लावलाय. पण मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही. ब्रिटनमध्ये 2023 साली हौशी खेळाडूंसाठी ज्या सूचना निघाल्या त्यांत 21 दिवसांच्या आत सामना नाही, आणि विश्रांतीत असताना सलग 14 दिवस कसलाही त्रास नसला पाहिजे, असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या पोराचे 21 दिवस कागदावर सामन्याच्या आत बसतात. पण डोकं दुखायचं थांबायलाच आठवड्याच्या वर गेला, आणि टकरीचा सराव न करता कोणालाही थेट सामन्यात उतरवणं मला मान्य नाही. त्यामुळे तो खेळणार नाही, यावर मी मत मागत नाहीये. त्याच्या वडिलांना हे कसं पटवून द्यावं, एवढं मात्र कोणी सांगितलं तर हवंय. ते जुने पैलवान आहेत, आखाड्यात कपाळ फुटलं तरी उठून उभं राहिलेले. पोराला मी घाबरट बनवतोय असं त्यांना वाटतं. त्यांचा मान राखूनच बोलायचंय.

आता हाताशी कोण आहे ते सांगतो.

आमचा फुलबॅक संघातला सगळ्यात शांत डोक्याचा गडी. डाव्या पायाची किक लांब जाते, पास दोन्ही बाजूंना नीट देतो. त्याला 10 ला आणलं तर हल्ला सावरतो. पण मग मागे कोण? समोरचे उंच चेंडू टाकायला लागले की ते हवेत झेलायची हिंमत आज त्याच्या एकट्यातच आहे. शिवाय 2022 पासून 50:22 चा नियम कायम झालाय. स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेली किक टप्पा घेऊन समोरच्याच्या 22 मीटरच्या पट्ट्यात बाजूच्या रेषेबाहेर गेली, तर लाइनआउटचा (रेषेवरून दोन रांगांच्या मधे चेंडू आत फेकतात त्याचा) चेंडू किक मारणाऱ्या संघालाच मिळतो. मागची जागा रिकामी दिसली की समोरचे तिथेच मारणार.

दुसरा, 18 वर्षांचा पोरगा, पेठेतल्या फुटबॉलमधून आलाय. दोन्ही पायांनी किक, नजर वर, मोकळी जागा त्याला आपोआप दिसते. पण अंगाने हलका, आणि समोरून दांडगा गडी सरळ आला की टॅकलला शेवटच्या क्षणी मान वळवतो. ही मान वळवणंच मला घाबरवतं, कारण डोकं चुकीच्या बाजूला गेलं की आमच्या 12 नंबरचं जे झालं तेच होतं.

तिसरा कबड्डीतला, कोपऱ्यात खेळणारा. टॅकल असा की गेलेला गडी परत येत नाही. मात्र पकडल्यावर सोडत नाही. कबड्डीत रेडरला धरून ठेवायचं असतं, रग्बीत तो जमिनीवर आला की लगेच सोडून बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. आणि पास फक्त डावीकडे देतो. उजवीकडे देताना चेंडू पडतो.

माझ्या डोक्यात दोन रचना आहेत. पहिलीत फुलबॅक 10 ला, एक विंगर मागे, कबड्डीवाला 12 ला आणि फुटबॉलवाला पोरगा विंगला. दुसरीत पोरगाच 10 ला, कबड्डीवाला 12 ला, आणि फुलबॅक आहे तिथेच. पहिली सुरक्षित दिसते, पण एका इजेपायी चार जागा हलतात. दुसरीत पोराच्या अंगावर फार येतं. ज्यांनी 15 जणांचं रग्बी खेळलंय किंवा शिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: जुना_नऊ_नंबर (पुणे)

दादा, फुलबॅकला हलवू नका. जो गडी आपल्या जागेवर उत्तम आहे त्याला दुसरीकडे नेलं की दोन जागा कच्च्या होतात. मी नऊ खेळायचो, त्यामुळे सांगतो, 10 बदलला तर चालतो, पण 10 बदललाय आणि मागून ओरडून सांगणारा पण बदललाय, अशा वेळी नऊला कळेनासं होतं कोणाचं ऐकायचं.

टॅकलचं दुखणं लपवता येतं. समोरच्यांचा स्क्रम असेल तेव्हा पोराला विंगला किंवा मागे उभा करा आणि खांदा धड असलेल्या विंगरला 10 च्या जागी आणा. लाइनआउट असेल तर रांगेत शेवटी उभा असलेला फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) थेट त्या फटीवर सोडा. चेंडू आपल्याकडे आला की पोरगा परत 10 ला. मोठमोठे संघ हे करतात, यात कमीपणा काही नाही.

2011 चा विश्वचषक आठवा. न्यूझीलंडचा डॅन कार्टर मांडीच्या सांध्याजवळच्या स्नायूच्या दुखापतीने गेला, मग कॉलिन स्लेड गेला, अंतिम सामन्यात आरोन क्रुडन गुडघा धरून बाहेर आला. उतरला तो चौथा, स्टीफन डोनाल्ड, जो मुळात संघातच नव्हता. त्याच्या पेनल्टीवर फ्रान्सविरुद्ध 8-7 ने जिंकले. त्यांनी फुलबॅकला 10 ला ओढलं नाही, चौथा का होईना, 10 खेळणाराच आणला.

प्रतिसाद: पेठकरी

मला हे पटत नाही. न्यूझीलंडचा चौथा म्हणजे त्या आधी देशासाठी खेळलेला. आमच्या 18 वर्षांच्या पोराची आणि त्याची तुलना कशी करायची? मी शाहू स्टेडियमवर पोरं बघितल्यात, भरल्या गॅलरीसमोर कसलेला गडीपण पाय आखडतो. फुलबॅकला 10 ला घ्या. पोराला शेवटची 20 मिनिटं द्या, समोरचे दमल्यावर.

प्रतिसाद: फिजिओ_सांगली

सर, आधी तुमच्या 10 नंबरबद्दल. हलकं पळता येणं हा निकष धरू नका. हा स्नायू पूर्ण वेगातच फाटतो, त्यामुळे परीक्षा पूर्ण वेगातच व्हायला हवी. दोन्ही पायांची ताकद सारखी आलीय का, पूर्ण ताणताना भीती वाटते का, आणि सलग काही सत्रं पूर्ण वेगाने पळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुखतं का, हे बघा. त्यात तो किक मारणारा. किकच्या शेवटी पाय वर जातो तेव्हा हाच स्नायू सगळ्यात जास्त ताणला जातो. लवकर परत आलेल्यांची पुन्हा तीच इजा होण्याचं प्रमाण मोठं असतं, आणि दुसऱ्या वेळी बहुधा जास्त दिवस जातात. माझं ऐकाल तर त्याला या सामन्याला पाणी द्यायला उभा करा आणि बाकीच्यांना आतापासून नॉर्डिक व्यायाम सुरू करा. गुडघे टेकून, घोटे कोणीतरी धरून, अंग हळूहळू पुढे सोडायचं. लगेच सामन्याच्या आठवड्यात सुरू करू नका, अंग फार दुखतं.

वडिलांशी बोलताना 'विश्रांती' हा शब्द टाळून पाहा. पैलवानाला तो आळस वाटतो. त्यांना सांगा की पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, विशेषतः कोवळ्या वयात, तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. असं क्वचित होतं, पण झालं तर हातात काही राहत नाही. आणि त्यांच्याच शब्दांत विचारा, हात मोडलेला पैलवान तुम्ही खासबागेत उतरवला असता का? हात दिसतो, हे दिसत नाही, एवढाच फरक. शक्य झालं तर तपासणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा.

उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, झटके, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही केव्हाही दिसलं तर घरी बसवू नका, थेट दवाखाना.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हाताची तुलना मला वापरता येईल. त्यांना घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे जातो. 10 नंबरबद्दलही तुम्ही म्हणता ते मान्य, त्याला या सामन्यापुरता बाजूला ठेवतो. तो चिडेल, पण अजून वर्षानुवर्षं खेळायचंय त्याला.

पेठकरी भाऊ, तुमची शंका खरी आहे. म्हणूनच मी पोराला आज लगेच 10 म्हणून जाहीर करत नाहीये. पण तुमच्या रचनेत माझं अडतंय ते मागच्या जागेवर. उंच चेंडू सुटला की थेट पाच गुण जातात. 10 ने एक पास चुकवला तर चेंडू जातो, ट्राय (त्या पाच गुणांचा गोल) लगेच जात नाही.

जुने नऊ, स्क्रमच्या वेळी पोराला हलवायचं ठीक. पण खेळ मोडल्यावर, चार-पाच रक (जमिनीवरच्या चेंडूवरची झुंबड) झाल्यानंतर तो कुठे सापडेल ते कोणाच्या हातात नसतं. तेव्हा काय करायचं?

जुना_नऊ_नंबर

तेव्हा त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या गड्याने त्याला मध्ये ठेवून एका रेषेत पुढे यायचं. एकट्याने टॅकल करायची पाळीच येऊ द्यायची नाही. तुमचा कबड्डीवाला 12 ला असेल तर हे त्याला शिकवावं लागणार नाही, साखळी धरून पुढे सरकणं त्याच्या अंगातच आहे. त्याला फक्त 'पडला की सोड' एवढं रोज घोटवा. आणि त्याचा उजवीकडचा पास महिन्यात सुधारत नसेल तर हट्ट करू नका. उजवीकडे खेळताना त्याला चेंडू घेऊन सरळ घुसू द्या, पास 10 कडून थेट 13 ला, त्याच्या पाठीमागून जाऊ दे.

पोराच्या मानेचं मात्र आधी करा. गुडघ्यावर बसून, चालत्या गड्यावर, डोळे उघडे, गाल समोरच्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मागे टेकलेला. ते जमल्याशिवाय पूर्ण वेगाचा टॅकल त्याच्याकडून करून घेऊ नका.

बाकावर किती नेताय? 22 नेले तर त्यांत स्क्रमच्या पहिल्या ओळीत खेळू शकणारे किमान 5 हवेत, म्हणजे बाकावरच्या सातातले दोन तिथेच गेले. उरलेल्या पाचांत एक तरी असा ठेवा जो 9 पण खेळेल आणि 10 पण. 2023 च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने बाकावर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता आणि 12-11 ने जिंकले, पण त्यांच्या मैदानावरच्या बॅकपैकी बरेच जण दोन-दोन जागा खेळणारे होते. तुमचे तसे नाहीत.

धागाकर्ता

22 च नेतोय. बाकावर फॉरवर्ड चार, बॅक तीन, असं ठरवतो. दुसरा स्क्रम-हाफ शाळेत असताना 10 खेळलाय, तो त्यांतला एक. 14 नंबरला फिजिओ हो म्हणाले तर दुसरा, नाहीतर तिथे नवा विंगर.

रविवारी पहाटे आपसात पूर्ण 80 मिनिटांचा सराव सामना ठेवतो. पहिल्या डावात पोरगा 10 ला, फुलबॅक आपल्या जागेवर. दुसऱ्या डावात पेठकरी भाऊ म्हणतात तशी रचना. पोराला टॅकलचा सराव या आठवड्यात रोज, पण पूर्ण वेगाचा अजिबात नाही; रविवारी तो समोरच्या स्क्रमला विंगलाच उभा राहील.

एक मदत अजून हवी. उंच चेंडू टाकायला दोन्ही पायांनी लांब किक मारणारे दोघे-तिघे पाहिजेत, म्हणजे पर्यायी फुलबॅकची खरी परीक्षा होईल. पेठकरी, तुमच्या ओळखीचे फुटबॉलवाले रविवारी सकाळी मोकळे असतील तर त्यांना घेऊन याल का? चहा-मिसळ आमच्याकडून.