अनुभव धागा : गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लचसोबत अजून काय काय बदललंत?

राम राम मंडळी.
गाडी गॅरेजमध्ये, गिअरबॉक्स खाली उतरलेला, आणि मिस्त्रीचा फोन येतो, "भिया, सेट तर टाकतोच आहे, बाकी काय काय टाकू?" उत्तर लगेच हवं असतं कारण दुकान बंद व्हायच्या आत पोऱ्याला पार्ट आणायला पाठवायचं असतं. आपल्याला धड माहीत नसतं, मग एकतर सगळ्याला हो म्हणतो नाहीतर सगळ्याला नाही. म्हणून हा धागा. इंदूरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपापलं लिहा. गाडी कुठली, काय बदललं, काय राहू दिलं आणि नंतर काय झालं. "सगळे लुटतात हो" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते आम्हालाही माहितीये.

माझं आधी सांगतो. वॅगन आर, पेट्रोल, केबलवाला क्लच. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी आहे त्याच स्पीडला. घरी येऊन हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडून बघितला, इंजिन बंद पडायला पाहिजे होतं ते आरामात फिरतच राहिलं, म्हणजे प्लेट संपली. (ही टेस्ट एकदाच करायची, सारखी केली तर उरलीसुरली प्लेटपण जाते.)

सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही आले, त्यात वाद नव्हता. वाद झाला इंजिनच्या मागच्या ऑईल सीलवर. फ्लायव्हील म्हणजे इंजिनचं जड चाक, ज्याला क्लच प्लेट चिकटते, त्याच्या मागे क्रँकचं सील असतं, तिथे ओलसर दिसत होतं. मिस्त्री म्हणाला अजून गळत नाहीये, चालू द्या. मी म्हटलं बाबा, हे सील काहीशे रुपयांचं आणि तिथपर्यंत पोचायची मजुरी काही हजारांची, उद्या गळलं तर तेल सरळ नव्या प्लेटवर आणि गाडी पहिल्या गिअरला थरथर करणार. टाकून घेतलं. ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑईल तसंही रिकामं करावं लागतं, ते जुनंच गाळून परत ओतायला निघाला होता, नवीन भरायला लावलं. केबल बाहेरून बदलता येते, तरी पेडल कडक झालं होतं म्हणून तीपण टाकली. माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर बसतात ते रबरी आधार) चांगले होते, राहू दिले.

माझा हिशोब एवढाच आहे की जिथे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात जात नाही तिथला पार्ट जरा जरी शंकास्पद असला तरी बदलायचा, आणि जो बाहेरून केव्हाही बदलता येतो तो खराब होईल तेव्हा बघू. आता तुमचं येऊ द्या.

तिलकनगरची मावशी

माझी छोटी हॅचबॅक आहे, नातवाला शाळेत सोडणं, भाजी, देऊळ, एवढंच फिरणं. दोनेक वर्षांपूर्वी क्लच गेला तर गॅरेजवाल्याने फक्त प्लेट बदलली, प्रेशर प्लेट "एकदम नई जैसी है आंटी" आणि बेअरिंगचं तर नावच काढलं नाही. बिल कमी आलं म्हणून आमच्या घरी सगळे खूश. थोड्याच महिन्यांनी क्लच दाबला की चिंईंईं असा आवाज, सोडला की बंद. त्याच्याकडे परत नेली तर मलाच ऐकवतो की तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. अरे तीस वर्षं गाडी चालवून राहिले मी, तुझ्या जन्माआधीपासून!

मग जावयाने दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, त्याने उघडून मला बोलावून दाखवलं. बेअरिंग हातात धरून फिरवलं तर खरखर करत होतं, आतलं ग्रीस पार वाळलेलं, आणि ते ज्या पत्र्याच्या बोटांवर दाबतं ना प्रेशर प्लेटच्या, त्या बोटांची टोकं घासून चकचकीत झाली होती, एकावर तर खड्डाच. म्हणजे प्रेशर प्लेटपण गेलेलीच होती. बेअरिंग काही फार महाग नाही हो, पण मजुरी दोनदा गेली ना. आता मी सगळ्यांना सांगते, तिन्ही एकदम टाका.

पिथमपूरवाला

मावशी बरोबर बोलताहेत. आवाजावरून बरंच कळतं, गाडी देण्याआधी स्वतः ऐकून ठेवा. न्यूट्रलमध्ये उभी गाडी, क्लच दाबल्यावर आवाज येतो तर बहुतेक रिलीज बेअरिंग. उलटं असेल, म्हणजे क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायला लावा. ते क्लच सेटमध्ये येत नाही, त्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो आणि तो खर्च वेगळा. हे आधी नाही सांगितलं तर नवा क्लच टाकून गाडी घरी आणाल आणि आवाज तसाच.

फ्लायव्हीलबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. प्लेट रिव्हेटपर्यंत घासली असेल तर रिव्हेट फ्लायव्हीलवर रेघा ओढतात, आणि घाटात खूप हाफ क्लच मारला असेल तर निळे-काळे डाग पडतात. नखाने रेघ लागली की साधं फ्लायव्हील लेथवर किंवा ग्राइंडरवर साफ करून घ्या, बारीक तडे असतील तर सरळ बदला. नुसता पॉलिश पेपर मारून चकचकीत करणं म्हणजे भिंतीच्या ओलीवर चुना फासणं. रिअर व्हील ड्राइव्ह वाल्यांनी पायलट बेअरिंग किंवा बुश विसरू नका, शाफ्टचं टोक त्यात बसतं, पार्ट चिल्लर आहे पण अडकलं तर क्लच दाबूनही गिअर करकर करत पडतो.

सीलबद्दल मात्र थोडं वेगळं मत. कोरडं खडखडीत सील असेल आणि गाडी फार चाललेली नसेल तर मी हात लावत नाही. नवं सील जरा तिरकं बसलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं, जुनं गळत नव्हतं. ओलं असेल तर बदलायचंच, त्यात दुमत नाही.

आणि पार्टइतकंच महत्त्वाचं बसवणं. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो तो ब्रेक क्लीनरने पुसला पाहिजे, प्लेट डमी शाफ्टने सेंटर केली पाहिजे, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकवत ठेवायचं नाही. दोन जण नसतील तर जॅक लावा. प्लेट जराशी वाकली की नवाकोरा क्लच थरथर करतो आणि मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला.

राजेंद्रनगर, हायड्रॉलिकवाला

माझ्या गाडीत केबल नाही, तेलावर चालतो क्लच. आणि स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने बेअरिंग ढकलणारा, बाहेर नसून गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती गोल बसवलेला, बेअरिंग त्यालाच जोडलेलं. सेट आला तो फक्त प्लेट आणि प्रेशर प्लेटचा. सिलिंडर वेगळा आणि महाग, गॅरेजवाला म्हणाला कोरडा आहे, कशाला उगाच खर्च. मीपण म्हटलं ठीक. पावसाळ्यात बंगाली चौराह्याच्या सिग्नलला पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही, मागे हॉर्नवर हॉर्न, शेवटी दोन पोरांनी ढकलून कडेला लावून दिली. उघडल्यावर ब्रेक ऑईल (क्लचमध्येही तेच असतं) सगळं बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या कव्हरात, आणि नवी प्लेट भिजलेली. प्लेट धुऊन चालत नाही, तीपण परत घ्यावी लागली.

नव्या जाड प्लेटने सिलिंडर आतल्या वेगळ्या जागेवर काम करायला लागतो आणि जुन्या सीलला ते झेपत नाही, असं दुसऱ्या मिस्त्रीने समजावलं. तर असा आतला सिलिंडर असेल तर विचारूच नका, टाका. बाहेर लटकलेला असेल तर नंतरही बदलता येतो. नवीन ऑईल टाकून एअर नीट काढायला सांगा, डॉट ३ लागतं का डॉट ४ ते त्या ऑईलच्या टाकीच्या झाकणावर बघून तशीच बाटली घ्या.

लॉरावाला, सुदामानगर

डिझेल आणि ड्युअल मास फ्लायव्हील, त्यामुळे माझा प्रश्नच वेगळा होता. या फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि मध्ये स्प्रिंगा, इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून. एकट्या फ्लायव्हीलचा भाव क्लच सेटच्या दुपटीहून वर, आकडा ऐकून बायको म्हणाली गाडीच विकू. लेथवर मारायचं म्हटलं तर हे साधारणपणे लेथवर मारत नाहीत. गाडी बंद करताना खडाक व्हायचं, न्यूट्रलला खुळखुळ. मी म्हटलं आवाजावर नको, मोजून दाखव. त्याने उतरवून दोन्ही भाग हाताने फिरवून, हलवून दाखवले, कंपनीच्या मापापेक्षा ढिले होते आणि आतलं ग्रीस बाहेर फेकलेलं. मग बदललं, बोल्टसकट, कारण ते बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात.

साधं सॉलिड फ्लायव्हील बसवून देतो, अर्ध्यात होईल, असंही एक जण सांगून राहिला होता. नाही केलं. ते झटके मग गिअरबॉक्सनेच खायचे ना. मोजून मापात निघालं असतं तर मात्र जुनंच ठेवलं असतं, उगाच कोण एवढे पैसे घालणार.

लोकमान्यनगर, रिटायर्ड

सगळे "टाका टाका" म्हणताय म्हणून जरा दुसरी बाजू. मला क्लचच्या एस्टिमेटमध्ये दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, तिन्ही माउंटिंग, स्टार्टर सर्व्हिस आणि एसीचा गॅस लिहून आला होता. एसीचा क्लचशी काय संबंध हो? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पार्टसवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, यांच्या एस्टिमेटमध्ये २८ तसाच. पेन काढून एकेक ओळ विचारली. शाफ्ट का, तर "खोलतोच आहोत". शाफ्टवरचं रबरी बूट फाटलंय का, नाही. वळताना कटकट होते का, नाही. मग कट. शाफ्ट बाहेर काढतात म्हणून त्यांची गिअरबॉक्सकडची दोन ऑईल सील घेतली, ती रास्त आहेत. माउंटिंगपैकी गिअरबॉक्सकडच्या एकाचं रबर फाटलं होतं, ते एकच. स्टार्टर कट. बिल जवळजवळ अर्धं झालं आणि गाडी आजही मस्त चालते आहे.

अजून एक, काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा की जुने पार्ट डिक्कीत पाहिजेत. एवढं म्हटलं तरी निम्मी यादी आपोआप गळते.

विजयनगर

एएमटीवाल्यांचं, म्हणजे आपोआप गिअर पडणाऱ्या गाड्यांचं, कोणीतरी सांगा ना. क्लच पेडलच नाही तर काय बदलतात?

पिथमपूरवाला

पेडल नाही पण आत तीच कोरडी प्लेट आणि तसाच प्रेशर प्लेट-बेअरिंगचा सेट, फक्त पायाच्या जागी ॲक्चुएटर दाबतो. ॲक्चुएटर महाग असतो आणि बऱ्याच गाड्यांत बाहेरून निघतो, चालू असेल तर क्लचसोबत उगाच बदलू नका. पण नवी प्लेट टाकल्यावर स्कॅनर लावून क्लच लर्निंग करावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटर जुन्याच घासलेल्या प्लेटच्या हिशोबाने दाबतो आणि गाडी झटके देते. मग गॅरेजवाला म्हणणार ॲक्चुएटर गेला. गाडी द्यायच्या आधी फोनवरच विचारा तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का.

विजयनगर

धन्यवाद दादा, मला नेमका ॲक्चुएटरच सांगितलाय, लर्निंगचं कोणी बोललंच नाही. उद्या आधी तेच विचारते. आणि देवास नाक्याच्या बाजूला असा स्कॅनरवाला कोणाच्या माहितीतला असेल तर कळवा प्लीज.