मोठ्या साहेबांविरुद्ध तक्रार आणि समितीतली माणसं त्यांच्याच हाताखालची: चौकशी कशी चालवायची?

समितीत_नवीन (अंधेरी पूर्व)

नमस्कार. आमच्या कंपनीत साधारण १४० माणसं आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर माझी नेमणूक नुकतीच झालीय आणि पहिलीच तक्रार आलीय ती एका ट्रेनी मुलीची, थेट वरच्या साहेबांविरुद्ध. मुलगी एजन्सीमार्फत एका वर्षाच्या कंत्राटावर आहे. तिला कायम करायचं की नाही, ते याच साहेबांच्या सहीवर ठरतं. समितीच्या अध्यक्षाबाईसुद्धा त्यांनाच रिपोर्ट करतात. एचआरचं म्हणणं, आधी दोघांना समोरासमोर बसवून मिटतंय का बघू.

अध्यक्षांनी बाजूला व्हावं का? मुलगी एजन्सीची, मग तक्रार आमच्याकडे चालते का? चौकशी संपेपर्यंत तिची नोकरी कशी सांभाळायची? मुलीवर अन्याय होऊ नये आणि आमच्या चुकीने चौकशी पुढे कोर्टात टिकली नाही असंही होऊ नये.

(बदल: बाहेरची_सदस्य यांच्या सांगण्यावरून पद, विभाग आणि मेसेजचा मजकूर काढलाय.)

बाहेरची_सदस्य

मजकूर लगेच काढलात, बरं केलंत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या (पॉश) कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, दोघांची ओळख, साक्षीदारांची नावं यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. नाव नसलं तरी पद आणि विभाग वाचून ऑफिसातला माणूस बरोबर ओळखतो. समितीचा सदस्यच बोलला तर ५,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठं नुकसान म्हणजे त्या मुलीचा समितीवरचा विश्वास उडतो.

आता सगळ्यात आधी मुदत मोजा. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार यायला हवी. शेवटचा प्रसंग १४ मार्चचा असेल तर १४ जूनपर्यंत. त्यापुढे आणखी तीन महिने समिती वाढवू शकते, मात्र कारणं लेखी नोंदवून. प्रोबेशन बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांचं असतं आणि कायद्याची मुदत तीन महिन्यांची. ज्युनिअर मुलगी कायम झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत गप्प राहते आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. उशीर झाला असेल तर नेमकं हेच कारण तुमच्या आदेशात लिहा: नोकरी ज्याच्या सहीवर अवलंबून होती त्याच्याविरुद्ध बोलणं तिला त्या काळात शक्य नव्हतं.

एक धोका लक्षात ठेवा. "नंतर त्यांनी माझं रेटिंग पाडलं" एवढ्यावर मुदत आपोआप पुढे सरकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या प्रकरणात हेच सांगितलं. शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या प्रशासकीय कारवाया छळाचा पुढचा भाग धरल्या गेल्या नाहीत आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून तिला प्रत्येक प्रसंगाची तारीख विचारा आणि नंतर जे झालं त्याचा आधीच्या मागणीशी संबंध कसा जोडला जातो, तेही तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

एजन्सीचा मुद्दा सरळ आहे. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी, एजन्सीमार्फत आलेली, प्रोबेशनवरची, ट्रेनी, ॲप्रेंटिस अशा सगळ्या 'कर्मचारी'च. तक्रार तुमच्याकडेच चालणार. मध्येच कंत्राट संपलं म्हणून तक्रार संपत नाही.

अध्यक्षांनी बाजूला व्हावं, आणि पहिल्या सुनावणीच्या आधीच. "मी प्रतिवादींना रिपोर्ट करते, म्हणून या प्रकरणात बसणार नाही" असं दोन ओळींत लेखी द्यावं. मग कंपनीने लेखी आदेश काढून दुसरी वरिष्ठ महिला नेमायची. त्या ऑफिसात तशी कुणी नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या शाखेतून, तिथेही नसेल तर दुसऱ्या संस्थेतूनसुद्धा आणता येते. त्या आदेशावर सही प्रतिवादी साहेबांची नको. हे हसण्यावारी नेऊ नका, कारण घाईत जुनाच फॉर्म उचलला जातो आणि खाली सही त्याच साहेबांची होते. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात. जबाब सुरू झाल्यावर माणसं बदलू नका, अपिलात पहिला वार तिथेच होतो.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असती तर ती तुमच्याकडे चाललीच नसती, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली असती. अंधेरी म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला. परळ किंवा फोर्टातलं ऑफिस असेल तर मुंबई शहर जिल्हा, म्हणजे फोर्टातलं जुनं कस्टम हाउस. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसालाही हाच रस्ता. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते.

एचआर_पवई

नोकरी सांभाळण्याबद्दल. कलम १२ आणि नियम ८ वाचा. चौकशी चालू असताना समिती कंपनीला तीन गोष्टींची शिफारस करू शकते: दोघांपैकी एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा (तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त), आणि तिच्या कामाचं मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. तुमच्या प्रकरणात तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पण यासाठी तिचा लेखी अर्ज लागतो आणि तो करता येतो हे तिला कुणी सांगतच नाही. पहिल्याच भेटीत सांगा. अर्ज असा चालेल:

"चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या कामाचं मूल्यमापन, रजा मंजुरी आणि कन्फर्मेशनची शिफारस प्रतिवादींकडे नसावी. या तीनही गोष्टी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्याव्यात आणि त्या अधिकाऱ्याने प्रतिवादींना रिपोर्ट करू नये, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर काम साहेबांच्याच हाताखालच्या मॅनेजरकडे जातं आणि आकडे पुन्हा तेच साहेब ठरवतात.

बदलीची घाई करू नका. "तिच्या सुरक्षिततेसाठी" म्हणून मुलीलाच दुसऱ्या टीममध्ये टाकतात. तिथे तिचा इन्सेंटिव्ह जातो, शिकायचं काम जातं आणि ऑफिसभर तिचंच नाव होतं. हलवायचंच असेल तर साहेबांना हलवा, किंवा ते दुसऱ्या मजल्यावरून काम करतील असं बघा. आणि एजन्सीला तुमच्या एचआरकडून "तिचं कंत्राट वाढवायचं नाही" असा मेल चौकशी सुरू असताना परस्पर जाणार नाही, याची लेखी हमी आजच मागा.

आयटी_ठाणे

पुरावा जपण्याचं पत्र तक्रार आली त्याच दिवशी द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ऑफिसांत १५ ते ३० दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवीन चढतं. तक्रारीला साहेबांचं उत्तर येईपर्यंत ते गेलेलं असतं. समितीला साक्षीदार बोलवायचे आणि कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, ते वापरा. पत्रात मागा: त्या तारखांचं फुटेज, ॲक्सेस कार्डच्या नोंदी, कॅब बुकिंग, मीटिंग रूमचं बुकिंग आणि दोघांचे ऑफिस मेलबॉक्स. साहेबांनी राजीनामा दिला की त्यांचा मेलबॉक्स बंद होतो आणि काही दिवसांनी डिलीट होतो, म्हणून तो आधी राखून ठेवायला सांगा. तिच्या रेटिंगची शीट ऑनलाइन असेल तर तिची व्हर्जन हिस्टरीही मागा. आकडा कधी, कुणी बदलला ते त्यात दिसतं आणि तो बदल तिने नकार दिल्यानंतरचा असेल तर त्याला मोठं वजन येतं.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. त्यात सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. नंबर दिसणारा प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, तारीख दिसणारे सलग मेसेज, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट, आणि मूळ फोन तसाच. फोन रीसेट करायचा नाही, विकायचा नाही. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर आजच बंद करून आहे ते वाचवा. आधीचे गेलेच असतील तर दुसऱ्या फोनने काढलेला फोटोही समितीपुढे ठेवता येतो, फक्त तो कधी आणि कसा काढला ते जबाबात लिहायचं.

समितीत_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. एचआरने आज आणखी एक सांगितलं, की पुरावा कमी पडला तर कलम १४ खाली मुलीवरच कारवाई होऊ शकते, तिला आधीच कल्पना द्या. हे बरोबर आहे का? आणि मिटवण्याचं काय करू?

वकिली_फोर्ट

हे चूक आहे आणि तिला असं सांगणं म्हणजे धमकी. कलम १४ जाणूनबुजून खोट्या, द्वेषाने केलेल्या तक्रारीसाठी आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. शिवाय द्वेष वेगळ्या चौकशीतून सिद्ध व्हावा लागतो. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही. घडलं असण्याची शक्यता कोणत्या बाजूला जास्त आहे, ते बघायचं. एकांतातल्या प्रसंगाला प्रत्यक्ष साक्षीदार नसतोच. तिने त्याच रात्री मैत्रिणीला काय सांगितलं, दुसऱ्या दिवशी रजा टाकली का, हेही बघा.

समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, तोही चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या मोबदल्यात अजिबात नाही. एचआरला तो सुचवायचाही अधिकार नाही. समोरासमोर बसवणं तर बिलकुल नको. उलटतपासाचे प्रश्न साहेबांनी लेखी द्यायचे, समितीने विचारायचे. वकील कुणालाच आणता येत नाही.

तारखा भिंतीवर लावा. तक्रारीच्या सहा प्रती घ्या. सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत साहेबांना, त्यांचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, कंपनीची कारवाई ६० दिवसांत. आणि जिथे बहुतेक समित्या चुकतात ते: निष्कर्षांची प्रत दोघांनाही देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची. हे राहिलं तर चांगला अहवालही अपिलात टिकत नाही. अपिलाला ९० दिवस.

साहेबांनी मध्येच राजीनामा दिला तरी चौकशी थांबवू नका, निष्कर्ष लिहून पूर्ण करा. कंपनीने शिफारशीवर काहीच केलं नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिसांकडे जायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. ती तयार असेल तर लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे आणि तक्रार नोंदवायला तिला मदत करणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली तक्रार) होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

एचआर_पवई

एक पुरवणी. नुसता अपमान, रविवारी काम, ओरडणं, ज्याला लैंगिक काही नाही, ते या समितीत येत नाही. पुरुष ट्रेनीची तक्रारही या कायद्यात बसत नाही, कंपनीच्या धोरणात तरतूद असेल तरच. अशा तक्रारी नाकारून परत पाठवू नका, तक्रार निवारणाच्या दुसऱ्या खिडकीकडे लेखी वर्ग करा.

बाहेरची_सदस्य

आणि सुनावणी ऑफिसातल्या काचेच्या केबिनमध्ये घेऊ नका. कोण आत गेलं, रडत बाहेर आलं, हे अख्खा मजला बघतो आणि पुढचा साक्षीदार फिरतो. हे साक्षीदारही साहेबांच्याच हाताखालचे आहेत, हे विसरू नका. बाहेर एखादी खोली घ्या, दोन साक्षीदारांच्या वेळांत निदान तासाभराचं अंतर ठेवा आणि बोलावण्याचा मेल कॅलेंडरवर टाकू नका, कारण साहेबांच्या सेक्रेटरीला ते दिसतं. मुलीचा जबाब तिच्या भाषेत घ्या. ती मराठीत बोलली तर मराठीतच लिहा, इंग्रजी भाषांतर नंतर करा. प्रत्येक पानावर तिची सही घ्या आणि प्रत त्याच दिवशी तिच्या हातात द्या.