घराजवळच्या दवाखान्यातील उपचारांचा दर्जा कशावरून ओळखावा?

राजारामपुरीकर

माझ्या वडिलांचे वय ७१ असून त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब असे दोन्ही विकार आहेत. ते नुकतेच आजऱ्याहून कायमचे आमच्याकडे कोल्हापुरात राहायला आल्यामुळे, त्यांना नियमित दाखवता येईल अशा जवळच्या डॉक्टरांचा आम्ही शोध घेत आहोत. चालत जाण्याच्या अंतरावर तीन-चार दवाखाने आहेत. शेजाऱ्यांपैकी कोणी म्हणतात, "त्यांचा गुण लगेच येतो," तर कोणी बाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवतात. इंटरनेटवरील अभिप्रायांतून डॉक्टरांचा स्वभाव आणि किती वेळ थांबावे लागते, एवढेच कळते. आमच्या घरात वैद्यकीय क्षेत्रातील कोणीही नाही. उपचार खरोखर चांगले आहेत की नाहीत, हे आमच्यासारख्यांनी कसे ठरवावे?

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

तापाच्या रुग्णाला गुण येणे आणि मधुमेहाच्या रुग्णाची नीट देखभाल होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. साधा विषाणूजन्य ताप बहुधा आपला आपण उतरतो आणि श्रेय शेवटच्या इंजेक्शनला मिळते. मधुमेह आणि रक्तदाब मात्र मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा यांचे नुकसान रुग्णाला काहीही जाणवू न देता करत राहतात, म्हणून वडिलांना बरे वाटते की नाही यावरून उपचारांची पारख होणार नाही.

पहिल्या भेटीत रक्तदाब कसा मोजला जातो ते पाहा. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला टेका देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि त्याला बोलू न देता मोजलेला आकडाच विश्वासार्ह असतो. जिना चढून आलेल्या माणसाच्या हाताला लगेच पट्टा गुंडाळून मोजलेल्या आकड्यावर गोळी वाढवणे योग्य नाही. वडिलांच्या वयात उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरून तोल जाण्याचा धोका असतो, त्यामुळे उभे करूनही तो मोजणारे डॉक्टर मला अधिक काळजीपूर्वक वाटतात.

त्यानंतर वर्षभराचा हिशेब ठेवा. मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी वर्षातून किमान दोनदा, आणि साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. मूत्रपिंडांची स्थिती दाखवणाऱ्या लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या चाचण्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि बूट-मोजे काढायला लावून केलेली पायांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. ही सगळी साधने छोट्या दवाखान्यात असण्याची गरज नाही. योग्य वेळी चिठ्ठी देऊन पुढे पाठवणे हेही चांगल्या डॉक्टरांचेच काम आहे. दर महिन्याला केवळ उपाशीपोटीची साखर पाहून जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून मिळत असतील, तर गर्दी कितीही असो, तिथे देखभाल होत नाही असे मी स्पष्टपणे म्हणेन.

औषधविक्रेता, मंगळवार पेठ

मी चिठ्ठीवरून अंदाज बांधतो. औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव, मात्रा, वेळ आणि किती दिवस घ्यायचे हे वाचता येईल असे लिहिलेले असावे. औषधे मूळ नावाने आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, अशी सुधारणा वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ साली झाली आहे. कागदाच्या पुडीतून नाव नसलेल्या गोळ्या देणाऱ्या दवाखान्यापासून वडिलांना दूरच ठेवा, कारण रात्री-अपरात्री त्रास झाला तर त्यांनी काय घेतले आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना सांगता येणार नाही. गुडघेदुखीसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास साखर वाढते आणि वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून "दुखण्यासाठी आणखी काही घेता का?" असे विचारणारे डॉक्टर मिळाले, तर ते सोडू नका.

शाहूपुरीतील वाचक

वरील मुद्दे मान्य आहेत, परंतु पहिल्याच भेटीत सर्व तपासण्यांची अपेक्षा करणे डॉक्टरांवर अन्याय करणारे ठरेल. त्यांना थोडा अवधी द्यावा आणि शंका विचारल्यावर ते उत्तर देतात की चिडतात, हे पाहावे.

नोंदणीची खातरजमा मात्र आधीच करावी. एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, तर आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्यात वेगळ्या परिषदा आहेत. २००२ च्या आचारसंहितेनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे आवश्यक आहे.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. आजऱ्याच्या डॉक्टरांकडे वडिलांची बरीच जुनी माहिती आहे. ती नव्या डॉक्टरांना द्यावी का? आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी खासगी रुग्णालयातच जावे लागेल का?

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

जुने कागद अवश्य आणा. रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, अशी तरतूद त्याच आचारसंहितेत आहे. सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा आणि पहिल्या भेटीत ती डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांनी ती उघडून जुने क्रिएटिनिन आताच्या आकड्याशी ताडून पाहिले, तर आपला निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

डोळ्यांसाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, नेत्रविभाग आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, त्यामुळे वडिलांना एकटे पाठवू नका.