विषय: स्कॅफेल पाइक – गाइड घ्यायचा की नाही?

नमस्कार मंडळी,
इंग्लंडमधल्या सगळ्यात उंच डोंगराच्या, स्कॅफेल पाइकच्या, सप्टेंबरच्या सहलीला चौदा नावं आली आहेत. गाइडची फी कशाला, असं काहींचं म्हणणं आहे. "कळसूबाई 1646 मीटर, हा जेमतेम 978, फोनवर नकाशा आहेच," असंही एकाने लिहिलंय. रविवारपर्यंत मत कळवा.
– सहल समिती

---

समितीस नमस्कार,
कळसूबाईचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे मळलेली वाट आहे, लोखंडी शिड्या आहेत, मध्ये सरबतवाले भेटतात, माथ्यावर देवीचं देऊळ आहे. स्कॅफेलचा माथा म्हणजे नुसते धोंडे. त्यांवर पायवाट उमटत नाही, खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी हेरत जायचं. धुकं उतरलं की त्याही दिसत नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही सहा जण आपले आपणच गेलो होतो. माथ्यावर ढगात सापडलो, फोन गारठून बंद पडला. उतरताना लिंगमेलच्या खिंडीत उजवीकडे वळायचं ते राहिलं आणि खाली निघालो ते थेट वॅसडेलमध्ये. गाडी सीथवेटला, डोंगरापलीकडे! टॅक्सीने वळसा घालून पोचेपर्यंत रात्र झाली. त्या खिंडीजवळच पिअर्स गिलची घळ आहे. तिच्यात अडकलेल्यांना दोर लावून काढावं लागतं. माउंटन रेस्क्यूचे लोक एक पैसा घेत नाहीत, सगळे स्वयंसेवक. आपल्या हट्टापायी त्यांना रात्री घराबाहेर काढणं मला तरी पटत नाही.

पुढच्या खेपेला एक गाइडबाई घेतल्या. निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाचे बूट पाहिले, एकाच्या लेस गुडघ्यावर बसून स्वतः पुन्हा बांधल्या. स्टायहेडच्या तळ्यापाशी थांबल्या, वाऱ्याचा अंदाज घेतला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, आज माथा नाही. खाली चांगलं ऊन होतं, आम्ही हिरमुसलो. तासाभरात वरचा अर्धा डोंगर दिसेनासा झाला. फी असते ती त्या एका वाक्याची. आपल्यातलं कुणी 'परत फिरू' म्हणालं, की 'अरे, थोडंच राहिलंय' म्हणणारे चार जण निघतात आणि तो बिचारा गप्प बसतो. गाइडपुढे तसं चालत नाही.

माझं मत: सात-सात जणांच्या दोन तुकड्या, दोन गाइड. 'माउंटन लीडर' ही पात्रता आहे ना, तेवढं विचारा. बर्फाच्या दिवसांसाठी ती वेगळी असते.
– काका

---

काका, पटलं. आमची दोन नावं गाइडसह धरा. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, 68 वर्षांच्या, रोज पर्वती चढतात. त्यांनाही आणू का?
– वहिनी, लीड्स

---

वहिनी, त्यांना स्कॅफेलला नको. जाऊन-येऊन 14-15 किलोमीटर, सात-आठ तास, आणि धोंड्यांवर गुडघ्यांचे हाल होतात. आदल्या दिवशी कॅटबेल्सच्या टेकडीवर न्या, 451 मीटर. केझिक गावाहून लाँचने हॉज एंडला उतरायचं, तिथूनच चढ सुरू. दोन ठिकाणी कातळाला हात टेकावे लागतात, तेवढ्यापुरतं कुणीतरी मागे राहा. वरून सबंध डरवेंटवॉटर तळं दिसतं. मीही येतो त्यांच्याबरोबर.

आणि सगळ्यांनाच सांगतो, जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पोळीचे रोल करून आणा. वाऱ्यात डबे उघडून बसता येत नाही.
– काका