सर्व्हे झाला, पुढं कंपनी गप्प. सांगलीतून पाठपुरावा कसा करायचा?

हळदबाजार

पेठ-सांगली रस्त्यावर आष्ट्याजवळ रात्री गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कुणाला लागलं नाही. गाडी 1197 सीसी पेट्रोल, चार वर्षं होऊन गेलीत. फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाची कपात न होणारं कव्हर) नाही. समोरचा सगळा भाग गेलाय.

गाडी सांगलीत वर्कशॉपला लावली, सर्व्हेअर (कंपनीनं नुकसान मोजायला नेमलेला माणूस) फोटो काढून गेला, त्याला महिना उलटला. टोल-फ्रीवर विचारलं की 'क्लेम अंडर प्रोसेस आहे'. शाखेत म्हणतात क्लेमचं काम पुण्यातून चालतं, आमच्या हातात काही नाही. अप्रूव्हलशिवाय वर्कशॉप पान्याला हात लावत नाही आणि आता पार्किंगचं भाडं लावायची भाषा सुरू झालीय. तक्रार कुठं करायची, कोणत्या क्रमानं? आणि हे सगळं करण्यापेक्षा ट्रॉलीवाल्याकडूनच पैसे घेतले तर?

पाचवा गिअर

तक्रारीच्या आधी क्लेम नेमका कुणाच्या टेबलावर पडलाय ते काढा. 'अंडर प्रोसेस' ही कॉल सेंटरच्या स्क्रीनवरची ओळ आहे, तिच्यावरून काही कळत नाही.

पहिला संशय वर्कशॉपवर घ्या. पहिल्या सर्व्हेत वरून दिसतं तेवढंच नुकसान धरलेलं असतं. समोरून मार बसला की बंपर-बोनेट उतरवल्यावर मागं कंडेन्सर, रेडिएटर, फॅन मोटर, रेडिएटर सपोर्ट गेलेला निघतो, कधी लाँग मेंबरही (सांगाड्याची लांब पट्टी) वाकलेला असतो. त्याचं सप्लिमेंटरी इस्टिमेट वर्कशॉपनं सर्व्हेअरला पाठवायचं असतं. ते पाठवलंच नाही तर अ‍ॅडव्हायझर म्हणणार अप्रूव्हल नाही, सर्व्हेअर म्हणणार इस्टिमेट पूर्ण नाही, आणि दोघंही खरंच बोलत असणार. गाडी खोलायच्या परवानगीवर तुमची सही झालीय का ते आधी बघा. सही नसेल तर गाडी न खोलता तशीच उभी असेल. मग 'सप्लिमेंटरी कोणत्या तारखेला पाठवलं, तो मेल दाखवा' एवढंच विचारा.

मग सर्व्हेअर. त्याचा नंबर तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये असतो. त्याला एकच प्रश्न: फायनल रिपोर्ट कंपनीला दिला का, आणि कधी? दिला म्हणाला तर वर्कशॉप आणि सर्व्हेअर दोघंही सुटले, आता फक्त कंपनी.

कंपनीत अडकण्याची दोन नेहमीची कारणं. गेल्या रिन्युअलला कंपनी बदलून नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) घेतला असेल तर जुन्या कंपनीकडून त्याची खात्री आलेली नसते. ती मागवणं नव्या कंपनीचं काम, पॉलिसी दिल्यापासून 21 दिवसांत तिनं जुन्या कंपनीला लिहायचं असतं. पण फाइल अडते ती तुमची, म्हणून जुन्या कंपनीचं एनसीबी पत्र स्वतःच मागवून जोडून टाका. आणि गाडी सेकंडहँड असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर एकच नाव आहे ना ते बघा. आरसी नावावर झाली पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम तिथंच अडकतो. ट्रान्सफर झाल्यावर 14 दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करायचा असतो, हे एजंट सहसा सांगत नाहीत.

पीयूसी संपलीय म्हणून कुणी क्लेम अडवला तर ऐकून घेऊ नका. ते कारण चालत नाही, हे विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

कृष्णाकाठ

वरचं बरोबर आहे. फक्त हे सगळं फोनवर विचारत बसू नका. फोनला पोच नसते, आणि पुढं विमा लोकपालांकडे (कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) जाल तेव्हा तिथं तारखांचा कागद लागतो.

मुदती आता बऱ्याच कडक आहेत. आयआरडीएआयच्या जून 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणं क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं नेमणुकीपासून 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीनं 7 दिवसांत निर्णय द्यायचा. सर्व्हेअरकडून वेळेत रिपोर्ट घेणं ही कंपनीची जबाबदारी, त्यामुळं 'सर्व्हेअरनं दिलाच नाही' हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. उशीर झाला तर रकमेवर बँक रेट अधिक 2 टक्के व्याज मागता येतं. हा बँक रेट रिझर्व्ह बँकेचा, तुमच्या कार लोनचा नव्हे.

कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा वेगळा मेल पत्ता असतो, त्यावर पाठवा. कस्टमर केअरचा पत्ता फक्त सीसीत. मजकूर इतकाच पुरे:

'क्लेम क्र. ___, पॉलिसी क्र. ___, वाहन क्र. ___. दि. ___ रोजी अपघात, दि. ___ रोजी क्लेम नोंद, दि. ___ रोजी सर्व्हे. कृपया लेखी कळवावे: (1) सर्व्हेअरचे नाव, परवाना क्रमांक व नेमणुकीची तारीख. (2) अंतिम अहवाल आपणाकडे कोणत्या तारखेस आला. (3) माझ्याकडून कोणतीही कागदपत्रे बाकी असल्यास त्यांची संपूर्ण यादी एकाच वेळी. (4) सर्व्हे अहवालाची प्रत मला द्यावी. ही तक्रार समजून तक्रार क्रमांक द्यावा.'

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसलं की तुमचा मेल 'एन्क्वायरी' म्हणून बंद होतो आणि तक्रारीची मुदत सुरूच होत नाही. तिसरा मुद्दाही तितकाच कामाचा. आज कॅन्सल चेक, आठ दिवसांनी लायसन्सची दुसरी बाजू, मग सही केलेला क्लेम फॉर्म पुन्हा, असं एकेक मागत राहिलं की महिने जातात.

याच मजकुराची छापील प्रत सांगलीच्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच घ्या. 'इथं घेत नाही' म्हणाले तर शाखेच्याच पत्त्यावर स्पीड पोस्टनं टाका.

तक्रारीला 14 दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं, किंवा गोलमाल मिळालं, तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा, नाहीतर 155255 वर फोन करून. टोकन क्रमांक जपून ठेवा. आयआरडीएआय स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवते. पण फाइल हलायला बऱ्याचदा तेवढं पुरतं.

माणदेशी

एवढा पत्रव्यवहार कशाला? सरळ ग्राहक कोर्टात टाका, वठणीवर येतात.

कृष्णाकाठ

टाकता येतं, पण आधी तिथं गेलात तर लोकपालांचा रस्ता बंद होतो. त्याच विषयावर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात केस असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम लोकपाल आधी, आयोग नंतर.

सातारा-सांगलीसाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतचा वाद चालतो. अट एवढीच की कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना झालेला हवा किंवा तिनं नकार दिलेला हवा, आणि त्यानंतर वर्षाच्या आत जायचं. सगळे कागद पोहोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा. तो कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर आयोग मोकळा आहेच. निवाडा 30 दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला 5,000 रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. सांगलीत राहता तर सांगलीतच दाखल करता येतं, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. तिथं मोजला जातो तो भरलेला प्रीमियम, क्लेमची रक्कम नव्हे, त्यामुळं गाडीच्या पॉलिसीला फी शून्यच पडते. फक्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

पाचवा गिअर

ट्रॉलीचं राहिलं. पोलीस ठाण्यात बसून 'आपसात मिटलं, काही तक्रार नाही' असा कागद करून देऊ नका. तुम्हाला पैसे दिल्यावर समोरच्याकडून वसुली करायचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही तो आधीच सोडून दिलात तर तेच कारण काढून क्लेम अडवतात. ट्रॉलीवर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो, अपघातापासून सहा महिन्यांत. पण मागून आदळल्यावर तुमचीही चूक धरली जाणार, आणि ट्रॉलीला विमा असेलच असं नाही. आधी स्वतःच्या पॉलिसीतून गाडी रस्त्यावर आणा. कुणी जखमी नसताना एफआयआरचा हट्ट धरला तर ठाण्यातल्या नोंदीची प्रत द्या आणि एफआयआर कोणत्या अटीखाली हवा ते लेखी मागा.

आणि मंजुरी आली तरी बिलाएवढी येणार नाही, तेव्हा पुन्हा भांडायला उठू नका. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर 35 टक्के घसारा (जुनेपणाची कपात), प्लास्टिक-रबर-बॅटरी-एअरबॅगवर 50, काचेवर काही नाही. समजा बोनेट 9,000, बंपर 6,000, हेडलाइट 8,000, पेंटिंग 12,000. बोनेटचे 3,150 गेले, बंपरचे 3,000, हेडलाइटचे 4,000. पेंटिंगच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरतात, म्हणजे 3,000, त्याचा निम्मा 1,500. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. एकूण 12,650 तुमच्या खिशातून. लेबरवर घसारा नाही; तिथं कापलं असेल तर मात्र विचारा. टो करून आणल्याची पावती जोडा, स्टँडर्ड पॉलिसीत 1,500 पर्यंत मिळतात.

हळदबाजार

खूप उपयोगी. सर्व्हेअरला विचारलं, सप्लिमेंटरी आलंच नाही म्हणतो! वर्कशॉपकडून आज पाठवून घेतोय. पार्किंग भाड्याचं काय करू? आणि तोवर गाडी स्वतःच्या पैशानं करून घेतली तर?

पाचवा गिअर

पार्किंगचं भाडं पॉलिसीत बसत नाही. वर्कशॉपला लेखी द्या की सप्लिमेंटरी अमुक तारखेपर्यंत पाठवलं नव्हतं, त्या काळाचं भाडं मी देणार नाही. अ‍ॅडव्हायझरला नको, वर्क्स मॅनेजरला. बहुतेक तिथंच विषय मिटतो.

स्वतः करून घ्यायची असेल तर कंपनी आणि सर्व्हेअर दोघांना मेल करा: अमुक तारखेला काम सुरू करतोय, त्याआधी खोललेली गाडी पाहून घ्या. खोललेल्या अवस्थेतले फोटो तारखेसह काढा, चॅसिस नंबर दिसेल असा एक त्यात हवाच. जुने पार्ट री-इन्स्पेक्शन (काम झाल्यावरची फेरतपासणी) होईपर्यंत वर्कशॉपमध्येच ठेवायला सांगा. भंगारात गेले की त्या पार्टचे पैसे कापायला कारण मिळतं. गाडी चालवत दुसऱ्या गॅरेजला मात्र नेऊ नका. रेडिएटर फुटलेला किंवा ऑइल संप चिरलेला असताना गाडी चालवून इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान म्हणून सरळ वगळतात.

कृष्णाकाठ

पैसे जमा करण्याआधी डिस्चार्ज व्हाउचरवर 'पूर्ण व अंतिम' म्हणून सही मागतील. रक्कम पटली नसेल तर सहीवर 'हरकत राखून' लिहा आणि त्याच दिवशी तसा मेल टाका. व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त रकमेसाठी दाद मागायचा हक्क जात नाही, हे आयआरडीएआयच्या 2015 च्या परिपत्रकात आहे. शाखेत वाद घातला तर त्याचा हवाला द्या.