मदत हवी आहे: हात मामांचा मोडला, केस सरकारची. आम्ही फक्त साक्षीदार?

फेब्रुवारीत बांधावरून भांडण झालं आणि शेजारच्या वावरवाल्याने मामांच्या हातावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. मनगटाजवळ दोन ठिकाणी फ्रॅक्चर, प्लेट बसवली. गुन्हा नोंदवायला दुसरा दिवस उजाडला (आधी "गावात मिटवा" झालंच). न्याय संहितेचं कलम ११७(२), म्हणजे जबर दुखापत, लागलंय.

त्यानंतर सगळं सामसूम. जामीन झाल्याचं कळलं तेव्हा आरोपी पारावर तंबाखू मळत बसला होता. आरोपपत्र गेलं हेही हवालदारांच्या बोलण्यातून कळलं. सरकारी वकिलांना भेटलो, तर "समन्स आलं की साक्षीला या" एवढंच. आता तो येता-जाता मामांना "साक्ष देऊन बघ" म्हणतो. मामींना रात्री झोप नाही.

आरोपपत्राची नक्कल आम्हाला मिळते का? आपला वकील लावता येतो का? तालुक्याला एक जण नाही म्हणाले, दुसऱ्यांनी थेट फी सांगितली!

— वावरकरी

कोर्टाचीपायरी: वकील लावता येतो. पण खटला सरकारी वकीलच चालवतात. तुमचा वकील त्यांच्या सूचनेनुसार मदत करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कामकाजाचा कायदा, कलम ३३८). तरी वकीलपत्र आधी दाखल करा. कारण कलम २३० प्रमाणे आरोपपत्राची प्रत पीडिताला विनामूल्य मिळते ती वकील असेल तरच. ही मेख कुणी सांगत नाही. तपास कुठवर आला हेही पोलिसांनी ९० दिवसांत कळवायला हवं होतं, कलम १९३.

माळावरची: गुन्हा अजामीनपात्र असेल तर जामिनाला विरोध करता येतो. लखीमपूर खीरीत (उत्तर प्रदेश) आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या प्रकरणात पीडितांना नीट ऐकून घेतलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन रद्द केला होता. धमकीची तक्रार लेखी द्या, तारीख-वेळ-कोण हजर होतं ते लिहा, पोच घ्या. तोंडी सांगून उपयोग शून्य. ती पोच जोडून जामीन रद्द करायचा अर्ज करा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, भरपाईचंही तिथेच विचारा.

वावरकरी: आभारी आहे. तक्रार दिली, पोच मिळाली (शिक्क्यासाठी तासभर बसवलं). मामा विचारतात, तो सुटला तर?

कोर्टाचीपायरी: तर मामा स्वतः सत्र न्यायालयात अपील करू शकतात, सरकारने केलं नाही तरी. कलम ४१३. हलक्या गुन्ह्यात दोषी धरलं किंवा भरपाई अपुरी दिली तरी करता येतं. नुसती शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र नाही.