यंत्राला मार्क पडले, पेशंटचं काय?

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)
डायबेटिसने डोळ्याचा पडदा खराब होतो. फोटोवरून ते ओळखणारं एआय यंत्र गूगलने बनवलं, मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालयही त्यात सामील होतं. २०१६ मध्ये शोधनिबंध आला: सुमारे १ लाख २८ हजार फोटोंवर शिकलेलं यंत्र नेत्रतज्ज्ञांच्या तोडीस तोड! टाळ्या पडल्या.

मग ते थायलंडमधल्या ११ सरकारी दवाखान्यांत गेलं. तिथे पाचात एकाहून जास्त फोटो त्याने नाकारले, कारण खोलीत पुरेसा अंधार नाही, फोटो धूसर. आणि फोटो नाकारला की पेशंटने पुन्हा एखाद्या दिवशी रजा काढून लांबच्या तज्ज्ञाकडे जायचं. काही नर्स तर पेशंटना म्हणाल्या, या चाचणीत कशाला भाग घेता?

मी तरी याला यश म्हणणार नाही. किती जणांची नजर वाचली तेवढं सांगा.

अर्धवटराव
असहमत. नजर वाचली का हे कळायला दहा वर्षं जातील, तोवर इंजिनीअरने काय करायचं? प्रथिनाचा रेणू कुठल्या आकारात दुमडतो हे ओळखायची 'कॅस्प' स्पर्धा बघा. १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते, उत्तरं आधी कुठल्याच स्पर्धकाला माहीत नसतात. २०२० मध्ये गूगलच्याच डीपमाइंडच्या अल्फाफोल्ड या एआयने तिथे बाजी मारली, २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना रसायनशास्त्राचं नोबेल. पेपर कडक काढा, मग मार्कांना अर्थ येतो.
थायलंडचं म्हणाल तर खोलीत उजेड जास्त, हा यंत्राचा दोष? इथे अंगण खरंच वाकडं होतं.

चष्मेबहाद्दर
वाकडं असेल, पण नाचायचं त्याच अंगणात आहे ना? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठली अंधारी खोली मिळणार आहे!

वजीर_गेला
तुम्ही लोक यंत्राला पास होऊच देणार नाही. जगज्जेता कास्पारोव्ह हरेपर्यंत बुद्धिबळ म्हणजे बुद्धीची कसोटी. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने त्याला साडेतीन-अडीचने हरवलं, तर लगेच "छे, ही नुसती आकडेमोड". आता दवाखाना. तो जमला की काय काढाल?

मोगरा
@वजीर_गेला, बुद्धिबळात हरल्याने कुणाचा डोळा जात नाही हो.
माझी बहीण रेडिओलॉजिस्ट आहे. २०१६ मध्येच एआयमधले मोठे शास्त्रज्ञ हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. तेव्हा ती एमडीला होती, घरात केवढा घोर! आज तिच्या टेबलावरचे रिपोर्ट उलट वाढलेत. माणूस हटला म्हणजे यंत्र जिंकलं, ही व्याख्या कुणी ठरवली? तिला विचाराल तर रात्री दोनच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आहे का, एवढं आधी सांगितलं तरी पुष्कळ.

अर्धवटराव
हे पटलं. पण ते "आधी" म्हणजे किती मिनिटं, आणि दहात किती वेळा खोटी घंटा वाजते, हे मोजावंच लागेल. म्हणजे आले परत मार्क.

चष्मेबहाद्दर
येऊ देत. फक्त पेपर काढताना तुमच्याबरोबर ती नर्सही बसली पाहिजे.